इंडो-पार्थियन राजा अब्दगसेसचं ‘चांदीचं’ नाणं तांबूस का दिसतं? बनावट असेल का?

रंगावरून बनावट ठरवू नका. तक्षशिला भागातली त्याची चतुर्द्राख्म (चार द्राख्मांची; द्राख्म हे ग्रीक पद्धतीचं नाणं) नाणी बिलनची आहेत, म्हणजे तांबंच जास्त, चांदी नावालाच. वरचा पांढुरका थर झिजला की तांबूस किंवा काळपट दिसणारच. वजन साधारण 9–10 ग्रॅम. पुढे घोडेस्वार राजा नि बिघडलेली ग्रीक अक्षरं. मागे ग्रीक देव झ्यूस आणि खरोष्ठी या प्राचीन लिपीतला लेख. तो उजवीकडून डावीकडे वाचा, ‘गुदफरभ्रतपुत्रस’ सापडेल: म्हणजे गोंडोफरेस राजाचा पुतण्या. ओळख पटवायला याहून भक्कम खूण नाही. कडेवर सांध्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे असतील, तर ओतीव नक्कल समजा. लिंबू-चिंच मात्र लावू नका, आम्लानं पृष्ठभाग खराब होईल. चांगल्या चांदीचे हवे असतील तर सीस्तानचे (इराण-अफगाणिस्तान सीमेवरचा प्रदेश) द्राख्म बघा, साधारण साडेतीन ग्रॅमचे.