घट्ट बाइंडिंग : पाय घालताना आणि काढताना

प्रश्न : दोन स्कींवर सराव झाल्यावर मी आता एकाच स्कीवर वॉटर स्कीइंग करू लागलो आहे. या स्कीला दोन्ही पायांसाठी घोट्यापर्यंत येणारे रबरी बूट, म्हणजेच पाय स्कीला धरून ठेवणारी बाइंडिंग, आहेत. ते चढवतानाच दमछाक होते, टाचेकडचे रबर ओढून ओढून बोटे दुखतात आणि परत आल्यावर पाय काढणे तर त्याहून अवघड जाते. एकाने सांगितले की, माप एक नंबर मोठे घ्या. दुसऱ्याने सांगितले की, पायाला पेट्रोलियम जेली चोळा. यातले काय करावे?

उत्तर : दुसरा सल्ला मुळीच मानू नका. पेट्रोलियम जेली, खनिज तेल किंवा ग्रीस यांनी नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते आणि लवकर फाटू लागते. पहिला सल्लाही घाईने मानण्यासारखा नाही. वळण घेताना स्की कडेवर झुकवायची असते आणि आपल्या पायाचा कल तिच्यापर्यंत पोहोचतो तो बाइंडिंगमधूनच. बुटात टाच उचलली जात असेल, तर आधी पाऊल हलते आणि स्की मागाहून येते. यापेक्षा मोठी काळजी पडण्याची आहे. दोन्ही पाय बुटांत असताना पडताना एकच पाय सुटला, तर स्कीचा सगळा पीळ अडकून राहिलेल्या पायाच्या घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. म्हणून एक बूट सैल आणि दुसरा घट्ट, असे कधीही ठेवू नये.

आपली अडचण मापापेक्षा घर्षणाची असण्याचा संभव अधिक आहे. कोरडे रबर कातडीला घट्ट धरते आणि नुसत्या पाण्याने ही पकड पुरती सुटत नाही. बाइंडिंगसाठी खास तयार केलेले, पाण्यात विरघळणारे वंगण मिळते, ते वापरावे. ते नसेल तर सौम्य द्रवरूप साबण भरपूर पाण्यात मिसळून पिचकारीच्या बाटलीत ठेवावा. हे मिश्रण टाचेला, घोट्याला, पावलाच्या वरच्या भागाला आणि रबराच्या आतल्या बाजूला लावावे. तळव्याखाली मात्र ते जाऊ देऊ नये, कारण तिथे पकडच हवी असते. बोटीच्या प्लॅटफॉर्मवर ते सांडले तर लगेच धुऊन टाकावे. ओल्या पृष्ठभागावरचा साबण फार निसरडा असतो.

आता पाय घालण्याची रीत पाहू. बोटीचे इंजिन बंद असताना प्लॅटफॉर्मच्या किंवा धक्क्याच्या कडेला बसावे, उभ्याने खटाटोप करू नये. टाचेकडच्या रबराची वरची कड बाहेर दुमडून घ्यावी, बोटे पुढे ताणून पाऊल सरळ आत सरकवावे आणि पुढच्या रबरात ते नीट बसेपर्यंत टाचेला हात लावू नये. बहुतेक जण इथेच चुकतात : पाऊल अर्धवट आत गेलेले असतानाच टाच ओढायला लागतात, आणि मग कितीही जोर लावला तरी टाचेला बसायला जागाच मिळत नाही. पाऊल पुरते पुढे गेल्यावर टाचेचे रबर शक्य तितके खालून, दोन्ही हातांच्या पूर्ण बोटांनी धरावे आणि ते वर ओढत असतानाच टाच खाली दाबून किंचित डावी-उजवीकडे हलवावी. वरची पातळ कड नखांनी ओढू नये, कारण रबर फाटायला सुरुवात तिथूनच होते. शेवटी दुमडलेली कड वर घेऊन सुरकुत्या काढाव्यात. बोटे आखडलेली नसावीत, टाच उचलली जाऊ नये. थोड्या वेळात पायाला मुंग्या येऊ लागल्या किंवा तो बधिर झाला, तर मात्र बाइंडिंग खरोखरच लहान आहे असे समजावे.

काढताना क्रम उलटा : आधी टाच, मग पाऊल. ओला बूट पायाला चिकटून बसतो, आत निर्वात पोकळी तयार होते आणि तीच पाय धरून ठेवते. म्हणून घोट्याच्या बाजूने रबराखाली बोट घालून पाणी आत जाऊ द्यावे. ही पकड सुटल्याचे हाताला लगेच जाणवते. मग टाचेचे रबर खाली दुमडून टाच मोकळी करावी आणि पाऊल मागे सरकवावे. मित्राला स्की धरून हिसका द्यायला सांगणे टाळा. त्यात घोटा मुरगळू शकतो. बोट थांबून इंजिन बंद झाल्यावर, लाइफ जॅकेटच्या आधाराने पाण्यात पाठीवर राहून गुडघा छातीशी घेतला, तर पाय पाण्यातच काढता येतो. मला तरी प्लॅटफॉर्मवर चढून झटापट करण्यापेक्षा हाच मार्ग बरा वाटतो.

थंड पाण्यात रबर ताठ होते. पाय घालण्याआधी बुटांवर कोमट पाणी ओतल्याने ते बरेच सैलावते. वापरानंतर बूट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत, कारण उन्हाने रबर कडक होऊन तडकते. हे सारे करूनही बोटे आखडतच असतील, तर पुढच्या रबराची पट्टी स्क्रू सैल करून एक छिद्र पुढे घेता येते का ते पाहावे. मागच्या पायाचाच त्रास असेल, तर मागे बुटाऐवजी नुसता रबरी पट्टा बसवता येतो. अनेक जण तसाच वापरतात आणि त्यात पाय घालणे-काढणे कितीतरी सोपे असते.