‘सात किलो दाब’ : बोलण्यातला आणि लिहिण्यातला

एका वाचकाचा प्रश्न असा आहे : ‘हवा दाबून टाकीत भरणाऱ्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेचे मराठीकरण करताना मी “टाकीतील दाब ७ किलोपेक्षा जास्त होऊ देऊ नये” असे वाक्य लिहिले. किलो हे वजनाचे माप आहे, दाबाचे नव्हे, असे म्हणून एका सहकाऱ्याने ते “७ किलोपास्कल” असे सुधारले. यांतले बरोबर कोणते? आणि हाच आकडा बार, पास्कल किंवा वातावरण या एककांत द्यायचा असेल तर काय लिहावे?’

मूळ वाक्य अपुरे आहे, पण केलेली दुरुस्ती त्याहून घातक आहे. यंत्रांवर काम करणारी माणसे ‘सात किलो प्रेशर’ म्हणतात तेव्हा त्यांना ‘दर चौरस सेंटीमीटरला सात किलोग्रॅम वजनाइतके बल’ असे म्हणायचे असते. रोजच्या वापराने या लांबलचक शब्दसमूहाची शेपटी गळून पडली आणि ‘किलो’ तेवढा उरला. ‘शंभर पाउंड प्रेशर’ यातला पाउंडही असाच ‘दर चौरस इंचाला’ हे शब्द मागे सोडून आला आहे. दोन्ही मापपट्ट्या छापलेल्या तबकडीवर काटा एकाच जागी स्थिर असताना एक जण ‘सात किलो’ म्हणतो, दुसरा ‘शंभर पाउंड’ म्हणतो, आणि दोघांचेही बरोबर असते, कारण १०० पाउंड प्रति चौरस इंच म्हणजे ७.०३ किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटीमीटर. बोलण्यातला हा संक्षेप मला मुळीच चुकीचा वाटत नाही. ऐकणाऱ्यासमोर यंत्र असते, तबकडी असते आणि संदर्भ पक्का असतो. पुस्तिका वाचणाऱ्यासमोर यांपैकी काहीच असेल असे धरून चालता येत नाही, म्हणून लेखनात गळलेले शब्द परत आणावे लागतात.

सहकाऱ्याच्या दुरुस्तीत घोटाळा झाला तो ‘किलो’ या उपसर्गामुळे. किलो म्हणजे हजार. तो ग्रॅमला लागतो, मीटरला लागतो, तसाच पास्कललाही लागतो. व्यवहारात मात्र नुसता ‘किलो’ म्हटले की किलोग्रॅमच समजायचा, अशी आपल्याला सवय आहे. बोलणाऱ्याच्या मनातला किलो वजनाचा होता आणि दुरुस्ती करणाऱ्याने तो पास्कलचा केला. आता हिशोब पाहू. एक किलोग्रॅम वस्तुमानाचे प्रमाण वजन ९.८०६६५ न्यूटन भरते, म्हणून सात किलोग्रॅमचे ६८.६५ न्यूटन होते. हे बल एका चौरस सेंटीमीटरवर आहे, आणि एका चौरस मीटरमध्ये असे १०,००० चौरस सेंटीमीटर मावतात. म्हणून दाब झाला सुमारे ६,८६,५०० न्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजेच तितके पास्कल. याचे ६८६ किलोपास्कल किंवा ६.८६ बार होतात. सहकाऱ्याने लिहिलेले ७ किलोपास्कल याच्या शंभराव्या हिश्शाइतकेच आहे. ७१ सेंटीमीटर खोल पाण्याच्या तळाशी केवळ पाण्यामुळे जेवढा दाब पडतो तेवढाच तो. पुस्तिकेवर विश्वास ठेवून कोणी त्या आकड्यावर यंत्र बंद पडण्याची व्यवस्था केली, तर टाकी कधी भरणारच नाही. याच्या उलट घोटाळा झाला, म्हणजे मुळातले किलोपास्कल कोणी ‘किलो’ म्हणून वाचले, तर काय होईल याची कल्पनाही नकोशी आहे.

पास्कल हे एकक फार लहान आहे, हेही येथे सांगायला हवे. दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा नेहमीचा छपाईचा कागद टेबलावर सपाट ठेवला, तर तो टेबलावर पाऊण पास्कलहून किंचित जास्त दाब देतो. म्हणूनच अभियांत्रिकीत पास्कल सहसा एकटा येत नाही. हवामानाच्या नोंदींत तो हेक्टापास्कल होऊन येतो, यंत्रांत किलोपास्कल आणि पदार्थांच्या बळकटीत मेगापास्कल होऊन येतो. न्यूटन प्रति चौरस मीटर या एककाला पास्कल हे नाव वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९७१ मध्ये दिले. दाब आणि प्रतिबल (बाहेरून बल लागल्यावर पदार्थाच्या आत दर क्षेत्रफळाला निर्माण होणारे बल) या दोन्ही राशींचे एकक तेच आहे, आणि १ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर म्हणजे नेमका १ मेगापास्कल, ही जोडी लक्षात ठेवली तर पुष्कळ आकडेमोड वाचते.

‘वातावरण’ या एककाच्या बाबतीत जास्त जपावे लागते, कारण एकमेकांच्या अगदी जवळची तीन मापे ‘सुमारे एक वातावरण’ या नावाखाली वावरतात. १९५४ मध्ये ठरलेले प्रमाण वातावरण नेमके १,०१,३२५ पास्कल आहे. बार नेमका १,००,००० पास्कल आहे. आणि तांत्रिक वातावरण म्हणजे आपला मघाचा ‘एक किलो’, तो ९८,०६६.५ पास्कल आहे. चाकात हवा भरताना हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण दाबाखाली वायू भरलेल्या सिलिंडरवर २०० लिहिलेले असेल आणि ते बार की ‘किलो’ हे ठाऊक नसेल, तर जवळजवळ ४ बारची शंका उरते. रसायनशास्त्रात तर प्रमाण दाब कोणता मानायचा हेच १९८२ मध्ये बदलले. पूर्वी तो एक प्रमाण वातावरण होता, आता एक बार आहे. त्यामुळे शून्य अंश सेल्सिअसला आदर्श वायूच्या एका मोलचे (म्हणजे रेणूंच्या एका ठराविक संख्येचे) आकारमान जुन्या पुस्तकांत २२.४१४ लिटर आणि नव्यांत २२.७११ लिटर दिलेले आढळते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. (बार हा शब्द आपल्या ‘भार’सारखा ऐकू येतो, पण भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्याचे नाते दुसरीकडे आहे. त्याचे मूळ ‘वजन’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे, आणि त्या शब्दाचा संस्कृतातला सगोत्र म्हणजे ‘गुरु’, जड या अर्थाचा. बॅरोमीटरला जुन्या मराठी पुस्तकांत ‘वायुभारमापक’ म्हटले आहे, ते अर्थाच्या बाजूने अचूक आहे.)

लांबीच्या मापात दाब सांगण्याची रीतही याच वायुभारमापकाने दिली. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेल्लीने १६४० नंतरच्या दशकात पाऱ्याची नळी उलटी करून दाखवली, आणि १६४८ मध्ये, ज्याचे नाव पुढे एककाला मिळाले त्या फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलच्या सांगण्यावरून, त्याच्या मेहुण्याने तशीच नळी फ्रान्समधल्या प्युई द दोम या डोंगरावर नेली, तेव्हा पारा पायथ्याच्या तुलनेत सुमारे ८ सेंटीमीटरने खाली उतरला. तेव्हापासून पाऱ्याची उंची हाच दाबाचा आकडा झाला. ‘७६० मिलिमीटर’ हा आकडा अर्थपूर्ण ठरतो तो पाऱ्याची घनता आणि गुरुत्वत्वरण ही दोन्ही गृहीत धरल्यामुळे : ०.७६ मीटर, १३,५९५.१ किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि ९.८०६६५ यांचा गुणाकार केला की १,०१,३२५ येतात. द्रव बदलला की उंची बदलते, आणि पाण्याच्या स्तंभासाठी तीच १०.३३ मीटर होते. म्हणून ‘दाब १२० मिलिमीटर’ असे न लिहिता ‘१२० मिलिमीटर पारा’ असे लिहावे. रक्तदाबाच्या संदर्भात पारा गृहीतच असतो, तेथे हट्ट धरण्याचे कारण नाही. तेच १२० मिलिमीटर म्हणजे १६ किलोपास्कल. टॉर हे एकक प्रमाण वातावरणाचा ७६० वा भाग म्हणून ठरवले आहे, आणि त्यातला व पाऱ्याच्या मिलिमीटरमधला फरक इतका सूक्ष्म आहे की व्यवहारात दोन्ही एकच मानावीत.

आतापर्यंतचे सर्व काम गुणाकाराचे होते. प्रश्नकर्त्याने विचारलेली नाही, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट गुणाकाराने सुटत नाही. यंत्रावरचा काटा शून्य दाखवतो तेव्हा टाकीत हवा नसते असे नाही, बाहेर आहे तितक्याच दाबाची हवा आत असते. काटा दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या वरचा दाब, त्याला गेज दाब म्हणतात. संपूर्ण निर्वातापासून मोजला तर तो निरपेक्ष दाब. गेजवरचे ६.८६ बार निरपेक्ष मोजले तर समुद्रसपाटीवर सुमारे ७.८७ बार होतात. एककाचे रूपांतर करताना गुणायचे आणि संदर्भ बदलताना मिळवायचे, हे दोन व्यवहार वेगळे ठेवावे लागतात. वायूचे नियम निरपेक्ष दाबावरच चालतात. समजा गेजवर २ बार आहेत आणि तापमान तेच ठेवून वायूचे आकारमान निम्मे केले. गेजवर ४ येतील असे वाटते, पण निरपेक्ष दाब ३ वरून ६ होतो आणि गेजवर ५ दिसतात (बाहेरची हवा सोयीसाठी १ बार धरली आहे). निर्वाताच्या बाजूला तर भाषाच उलटी होते. ‘६०० मिलिमीटर निर्वात’ याचा अर्थ बाहेरच्या दाबापेक्षा ६०० मिलिमीटर पारा कमी. म्हणजे निरपेक्ष दाब उरला १६० मिलिमीटर, सुमारे २१ किलोपास्कल. ‘निर्वात वाढला’ म्हणजे दाब घटला. ‘उणे दाब’ हा शब्दही गेजच्याच भाषेतला आहे, कारण वायूचा निरपेक्ष दाब शून्याखाली जात नाही.

लेखनासाठी आणखी दोन पथ्ये सांगतो. रोमन लिपीत मिली आणि मेगा यांतला भेद लहान-मोठ्या अक्षराने दाखवला जातो. नागरीत ती सोय नाही, आणि या दोहोंत अब्जपटीचे अंतर आहे. म्हणून ‘मेपा’, ‘मिपा’ असली संक्षिप्त रूपे करू नयेत, मेगापास्कल पूर्ण लिहावे. दुसरे असे की मूळ आकडा जितका बारीक असेल तितकेच त्याचे रूपांतर बारीक असावे. ‘७ किलो’चे ‘६८६.४६५५ किलोपास्कल’ केले तर मुळात कधीच नसलेली अचूकता वाचकाला दिसू लागते. मर्यादेचा आकडा असल्यामुळे तो वर न नेता खाली आणून सोपा करावा, ही काळजी मात्र घ्यावी.

तेव्हा पुस्तिकेतले वाक्य मी असे लिहीन : ‘टाकीतील गेज दाब ६.८ बारपेक्षा (६८० किलोपास्कलपेक्षा) जास्त होऊ देऊ नये.’ यंत्राच्या तबकडीवर किलोग्रॅम-बलाचीच पट्टी असेल, तर वाचणाऱ्याला काट्याशी ताडून पाहता यावे म्हणून ‘७ किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटीमीटर’ हे आधी लिहावे आणि बार कंसात द्यावेत.