दोन वर्षांचा अनुभव असूनही सीव्हीवर एकही फोन येत नाही, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, भोसरीत दोन वर्षं व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या कॉम्प्युटर-नियंत्रित मशीनवर) होतात आणि चाकणमध्ये चाळीसेक ठिकाणी सीव्ही देऊन एकही फोन नाही. मी चाकणलाच क्वालिटीत आहे. जागा निघाली की एचआरवाले सीव्हींचा गठ्ठा आमच्याकडे सरकवतात, म्हणून सांगतो.

वडिलांचं नाव, धर्म, विवाहित की अविवाहित, हे आधी काढा. आम्ही काही स्थळं बघायला बसलेलो नसतो. 'हार्डवर्किंग, सिन्सिअर'ही काढा. आळशी आहे असं आजवर कुणी लिहिलेलं नाही.

'व्हीएमसी ऑपरेटर म्हणून काम केले' एवढ्यावरून मला काहीच कळत नाही. मशीन चालवणारा कंट्रोल फानुक कंपनीचा होता की सीमेन्सचा? नुसतं लोड-अनलोड, की सेटिंगही तुम्हीच करायचात? ऑफसेट, म्हणजे माप जुळवायचे आकडे, मशीनमध्ये कोण द्यायचं? जॉब, म्हणजे मशीनवरचा पार्ट, कसला? सीव्ही इंग्रजीत असला तरी मजकूर असा हवा: 'फानुक कंट्रोलच्या व्हीएमसीवर ॲल्युमिनियम हाउसिंगचं सेटिंग आणि ऑफसेट, बोअर टॉलरन्स 20 मायक्रॉन, डायल बोअर गेजने तपासणी स्वतः.' (बोअर म्हणजे पार्टमधलं भोक, टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक.) अशी एक ओळ दिसली की मी तो सीव्ही बोलावण्यासाठी बाजूला काढतो. अर्थात केलं असेल तेवढंच लिहा. आमचे साहेब इंटरव्ह्यूत मायक्रोमीटर हातात देतात आणि रीडिंग सांगायला लावतात.

माझा पहिला सीव्ही झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने दुसऱ्याच कुणाच्या फाइलवर नाव बदलून दिला होता. खाली छंद: पोहणे. मी माणदेशातला, आमच्याकडे विहिरीला पाणी असेल तर पोहणार ना! इंटरव्ह्यूत नेमकं तेच विचारलं. तेव्हापासून छंदांचा रकानाच बंद.

बाकी किरकोळ. एक पान पुरे. पीडीएफ पाठवा, कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. पोर्टलच्या शोधात फोटोतली अक्षरं बहुधा सापडतच नाहीत. फाइलला स्वतःचं नाव द्या, 'न्यू फायनल 2' नको. आधी पैसे मागणाऱ्या कन्सल्टन्सीच्या नादी लागू नका.

राहता कुठे आणि नोटीस किती दिवसांची, हे मात्र वरच लिहा. पहिल्या फोनवर एचआर हेच विचारतं. मोशीत राहत असाल आणि स्वतःची गाडी असेल तर तेही लिहा, कारण नाशिक रोडच्या ट्रॅफिकमुळे फर्स्ट शिफ्टला उशिरा येणारे आमच्याकडे आधीच भरपूर आहेत.