ओआहाकातले 570 मुनिसिपियो: कारभार कोणाचा आणि परवानगी कोणाची

तुमचे प्रश्न तीन आहेत. मेक्सिकोच्या ओआहाका या एका राज्यात 570 नगरपालिका कशा? त्यातल्या बहुतेक ठिकाणी पक्षांशिवाय निवडणूक होते, म्हणजे नेमकं काय होतं? आणि सिएरा नोर्तेच्या डोंगरातल्या एका गावात पाणीपुरवठ्याची पाहणी करायची तर परवानगी कोणाची लागेल? पहिली दोन उत्तरं नीट कळली की तिसरं आपोआप सुटतं, म्हणून त्याच क्रमाने लिहितो.

सुरुवातीलाच 'नगरपालिका' हा शब्द बाजूला ठेवा, कारण सगळा गोंधळ त्यातून होतो. आपल्याकडे नगरपालिका म्हणजे शहर आणि शहराबाहेर ग्रामपंचायत. मेक्सिकोत असा भेद नाही. राज्याचा सगळा भूभाग, शेतं, जंगल, वस्त्या धरून, मुनिसिपियो नावाच्या स्थानिक कारभाराच्या घटकांमध्ये वाटलेला असतो. प्रत्येकाचं एक मुख्य गाव असतं, त्याला काबेसेरा म्हणतात. बाकीची गावं त्याच्या हाताखाली आहेन्सिया म्हणून असतात. मोठ्या गावाला आहेन्सिया मुनिसिपाल, लहान गावाला आहेन्सिया दे पोलिसिया असा दर्जा मिळतो. या दुसऱ्या नावात पोलीस असला तरी ती पोलीस चौकी नाही, ती गावाची पायरी आहे. तिथल्या प्रमुखाला आहेन्ते म्हणतात.

मुनिसिपियोच्या वर थेट राज्य सरकार. मध्ये जिल्हा परिषद नाही, पंचायत समिती नाही आणि सरकारने नेमून पाठवलेला मुख्याधिकारीही नाही. हे 1917 च्या राज्यघटनेच्या कलम 115 मुळे. क्रांतीआधीचा हुकूमशहा पोर्फिरिओ दियास याच्या राजवटीत जिल्ह्याच्या ठिकाणी 'हेफे पोलितिको' नावाचा अधिकारी बसायचा आणि गावांच्या नाड्या त्याच्या हातात असायच्या. क्रांतीनंतर ते पद गेलं आणि मुनिसिपियो व राज्य यांच्यामध्ये कोणतीही सत्ता असणार नाही, असं घटनेतच लिहिलं गेलं. ओआहाकाच्या नकाशावर आजही 30 दिस्त्रितो आणि 8 विभाग दिसतात. दिस्त्रितो न्यायालयं आणि महसुलाच्या सोयीपुरते उरले आहेत, विभाग ही भौगोलिक ओळख आहे. तिथे जाऊन परवानगी मागण्यात वेळ जाईल, मिळणार काही नाही.

आता 570 हा आकडा. साऱ्या देशात अडीच हजारांच्या आसपास मुनिसिपियो आहेत, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा या एका राज्यात. बाहा कालिफोर्निया राज्यात फक्त 7 आहेत. कारण जुनं आहे. स्पॅनिश काळात इथल्या झापोतेक, मिश्तेक, मिहे गावांना स्वतःची जमीन आणि स्वतःचं काबिल्दो, म्हणजे कारभारी मंडळ, होतं. स्वातंत्र्यानंतर 1825 च्या राज्याच्या घटनेने मोठ्या गावांना आयुन्तामिएन्तो (मुनिसिपियोचं कारभारी मंडळ) आणि लहान गावांना 'रेपुब्लिका' म्हणून मान्यता दिली. त्यामुळे इतरत्र लहान गावं मोठ्यांत विरघळली, तशी इथे विरघळली नाहीत. परिणाम असा की 2020 च्या जनगणनेत राजधानी ओआहाका दे हुआरेस सुमारे 2 लाख 71 हजार लोकांची, तर सांता माग्दालेना हिकोत्लान शंभराच्याही आत. आणि घटनेच्या दृष्टीने दोघांचा दर्जा एकच.

एक सावधगिरी. सान हुआन, सान मिगेल, सांता मारिया अशा नावांची गावं डझनांनी आहेत. पत्रव्यवहारात नावासोबत सांख्यिकी संस्थेचा, म्हणजे इनेहीचा, अधिकृत संकेतांक लिहा. पहिले दोन अंक राज्याचे (ओआहाका 20), पुढचे तीन मुनिसिपियोचे, शेवटचे चार वस्तीचे. राजधानीचा मुनिसिपियो 20067. वस्तीचे अंक 0001 असतील तर ते बहुधा काबेसेरा असतं.

कारभारी मंडळाला आयुन्तामिएन्तो म्हणतात. त्यात प्रेसिदेन्ते मुनिसिपाल हा कार्यकारी प्रमुख. सिंदिको कायदेशीर प्रतिनिधी, मालमत्तेचा रखवालदार. न्यायालयात मुनिसिपियोच्या वतीने तोच उभा राहतो. रेहिदोरांकडे खाती असतात: अर्थ, बांधकाम, शिक्षण, आरोग्य. यांच्याखेरीज सेक्रेतारियो (दाखले, ठराव) आणि तेसोरेरो (तिजोरी) नेमलेले असतात. 'आल्काल्दे' या शब्दावर फार जण अडखळतात. स्पेनमध्ये तो महापौर, पण ओआहाकाच्या गावात तो लहानसहान तंटे मिटवणारा स्थानिक न्यायाधीश. पत्र त्याच्या नावाने लिहिलंत तर ते चुकीच्या टेबलावर जाईल.

570 पैकी 153 मुनिसिपियोंत पक्षांची निवडणूक होते: दर तीन वर्षांनी, उमेदवारांच्या पॅनेलला मत, आणि हरलेल्यांना प्रमाणानुसार काही रेहिदोर. उरलेल्या 417 ठिकाणी गावाच्या रूढीप्रमाणे निवड होते. 1995 मध्ये राज्याच्या निवडणूक कायद्याने याला मान्यता दिली. पूर्वी याला 'उसोस इ कोस्तुम्ब्रेस' म्हणत, आता कागदोपत्री 'सिस्तेमास नोर्मातिवोस इंदिहेनास' असा शब्द येतो.

तिथे सर्वोच्च आहे ती आसांब्लेआ, गावसभा. आपल्या ग्रामसभेशी तुलना करायचा मोह होईल, पण वजन फार वेगळं आहे: ही सभा अधिकाऱ्यांना निवडते, त्यांना कामं नेमून देते आणि त्यांच्याकडून हिशेब घेते. निवडीच्या दिवशी आधी सभा चालवणारं मंडळ निवडतात, त्यात अध्यक्ष, चिटणीस आणि मतमोजणीस. मग पदागणिक नावं सुचवली जातात, बहुतेकदा तीन-तीन. मत देण्याच्या रीती गावागणिक वेगळ्या: हात वर करणं, फळ्यावर नावापुढे रेघ ओढणं, उमेदवाराच्या मागे रांगेत उभं राहणं, काही ठिकाणी मतपत्रिकाही. मुदतही एक, दीड, दोन किंवा तीन वर्षं.

नाव कोणाचं पुढे येतं, हे 'कार्गो'वर ठरतं. कार्गो म्हणजे गावसेवेची पदं, शिडीसारखी. तरुणपणी तोपिल, म्हणजे निरोप्या आणि गस्तकरी. मग समित्या, मग रेहिदोर, सिंदिको, आणि बरीच वर्षं सेवा झाल्यावर प्रेसिदेन्ते. बहुतेक पदं बिनपगारी किंवा नाममात्र मानधनाची. त्याशिवाय प्रत्येक घराने तेकियो द्यायचा: रस्ता, शाळा, पाण्याची टाकी यांसाठी विनामोबदला श्रम. मेक्सिको सिटीला किंवा लॉस एंजेलिसला गेलेल्यांनाही पद चुकत नाही. ते परततात, किंवा पैसे देऊन बदली माणूस उभा करतात. गावातली पत यावरून ठरते, आणि मला ही या राज्याची खरी ताकद वाटते.

पण सभेचा निर्णय झाला म्हणजे काम संपलं असं नाही. सभेची सूचना, इतिवृत्त, हजर लोकांच्या सह्या आणि निवडलेल्यांची कागदपत्रं राज्याच्या निवडणूक संस्थेकडे, इएपकोकडे, जातात. ती संस्था निवड वैध किंवा अवैध ठरवते. हरकत असेल तर राज्याचं निवडणूक न्यायाधिकरण, तिथून संघराज्याच्या न्यायाधिकरणाचं हालापा इथलं खंडपीठ. निवड रद्द होण्याची कारणं पुन्हा पुन्हा तीच: आहेन्सियांच्या लोकांना बोलावलंच नाही, बायकांना मत किंवा पद दिलं नाही, किंवा ठरलेली पद्धत सभेला न विचारता बदलली. 2007 मध्ये सांता मारिया किएगोलानी इथे एउफ्रोसिना क्रूस यांच्या नावाची मतं त्या बाई आहेत म्हणून धरली गेली नाहीत. पुढे त्या राज्य विधिमंडळाच्या अध्यक्ष झाल्या. रूढीला मान आहे, पण मूलभूत हक्कांच्या मर्यादेत, आणि ही मर्यादा अजूनही गावागावांत लढून मिळवावी लागते आहे.

मुदतीआधी प्रेसिदेन्तेला हटवायचं तर त्याच विषयासाठी बोलावलेली सभा लागते आणि त्याला बाजू मांडू द्यावी लागते. आयुन्तामिएन्तो निलंबित करण्याचा किंवा बरखास्त झाल्याचं जाहीर करण्याचा अधिकार मात्र राज्य विधिमंडळाचा, दोन-तृतीयांश मतांनी.

पैशांबद्दल थोडक्यात. स्वतःचं उत्पन्न म्हणजे प्रेदियाल (मालमत्ता कर), पाणीपट्टी, बाजार आणि दाखल्यांची फी. लहान गावात ते नगण्य असतं. खरा पैसा केंद्रातून दोन वाटांनी येतो. 'रामो 28' मोकळा निधी. 'रामो 33' बांधील निधी: त्यातला एक भाग गरीब वस्त्यांतल्या पाणी, सांडपाणी, वीज अशा कामांसाठी, दुसरा सुरक्षा, देणी आणि मूलभूत गरजांसाठी. हा पैसा काबेसेराच्या खात्यात जमा होतो आणि आहेन्सियांचा वाटा तिथून ठरतो. गावागावांतल्या भांडणांचं मूळ फार वेळा इथेच असतं. उत्पन्नाचा कायदा दरवर्षी राज्य विधिमंडळ मंजूर करतं, खर्चाचा अर्थसंकल्प आयुन्तामिएन्तो स्वतः.

आता तुमची पाहणी. कलम 115 नुसार पिण्याचं पाणी ही मुनिसिपियोची जबाबदारी, पण लहान गावात नळयोजना बहुतेकदा सभेने निवडलेली पाणी समिती चालवते. झरा सामाईक जमिनीवर असेल, तर तिथे प्रेसिदेन्तेची सहीही पुरत नाही. सामाईक जमिनीचा कारभार कोमिसारियादो दे बिएनेस कोमुनालेसकडे असतो. संघराज्याच्या शेतजमीन कायद्याने तीन वर्षांसाठी निवडलेलं हे वेगळंच मंडळ आहे, सोबत देखरेख समिती. त्याची हद्द मुनिसिपियोच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. सिएरा नोर्तेतल्याच पुएब्लोस मांकोमुनादोसमध्ये लाचाताओ, आमात्लान आणि याबेसिया अशा तीन मुनिसिपियोंतल्या आठ गावांची जमीन सामाईक आहे.

म्हणून स्पॅनिशमध्ये तीन पत्रं तयार करा: काबेसेराच्या प्रेसिदेन्तेला, गाव आहेन्सिया असेल तर आहेन्तेला, आणि कोमिसारियादोच्या अध्यक्षाला. आहेन्तेला वगळून फक्त काबेसेराची परवानगी आणलीत तर गावात दार उघडणार नाही. प्रत्येक पत्राच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारीख, सही, शिक्का घेऊन ती जपून ठेवा. पत्रात कोण, किती दिवस, काय मोजणार, कोणत्या घरांत जाणार आणि निष्कर्ष गावाला कधी देणार हे स्पष्ट लिहा. बहुतेकदा उत्तर येईल, 'सभेपुढे ठेवतो'. तो नकार नाही, तीच खरी पद्धत आहे. सभेला स्वतः हजर राहा, पाणी समितीची ओळख तिथेच होईल.

नवे अधिकारी साधारण 1 जानेवारीला काठी, म्हणजे बास्तोन दे मान्दो, हाती घेतात. त्यानंतर ओळखपत्रं आणि शिक्के राज्य सरकारकडे नोंदवावे लागतात, त्यामुळे जानेवारीत कागद रखडतात. डिसेंबरात मावळत्या मंडळाने दिलेल्या परवानगीवर विसंबून जानेवारीत पोहोचू नका. फेब्रुवारीनंतरच्या तारखा धरा आणि नव्या मंडळाकडून तेच पत्र पुन्हा शिक्का मारून घ्या.