बिअरमधलं जंगली यीस्ट मायक्रोस्कोपखाली ओळखता येतं का?

नाही. सॅकरोमायसीसचा (बिअरचं नेहमीचं यीस्ट याच वंशातलं) डायस्टॅटिकस हा जंगली प्रकार नि तुमचं रोजचं एल यीस्ट एकाच स्लाइडवर घेतलं तरी वेगळं ओळखू येत नाही. ब्रेटानोमायसीस (थोडक्यात ब्रेट) या दुसऱ्या जंगली यीस्टच्या लांबट पेशींवरून फार तर संशय येतो.

पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत मी क्वालिटी बघायचे. आमची ब्लाँड एल टाकीत १.०१२ ग्रॅव्हिटीला (पाण्याच्या तुलनेतली घनता, यीस्ट साखर खाईल तशी उतरते) थांबायची, केगात (बिअरच्या पिंपात) भरायची, आणि काही आठवड्यांनी नळातून नुसता फेस. ब्रूमास्टर छातीठोकपणे म्हणायचे, 'रेग्युलेटर गेलाय.' रेग्युलेटर बदलला, फेस तसाच. परत आलेल्या केगातली बिअर घेतली, गॅस घालवला, हायड्रोमीटर सोडला: १.००५. सीलबंद केगात ग्रॅव्हिटी एक पॉइंट (०.००१) उतरली की साधारण अर्धा व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या निम्म्या आकारमानाइतका, कार्बन डायऑक्साइड वाढतो. इथे सात पॉइंट! आमचं यीस्ट सोडून देत होतं ते डेक्स्ट्रिन (साखरेच्या लांब साखळ्या) कोणीतरी खात होतं. डायस्टॅटिकसकडे एसटीए१ जीन असतो. त्याच्या जोरावर तयार होणारं ग्लुकोअमायलेज डेक्स्ट्रिन तोडून ग्लुकोज करतं.

मग कॉपर सल्फेटच्या प्लेटा लावल्या, त्यावर नेहमीचं यीस्ट दबतं नि जंगली वाढतं. टाकीतला नमुना कोरा. फिलरनंतरच्या (केग भरायच्या यंत्रानंतरच्या) नमुन्यावर पाचव्या दिवशी पांढऱ्या वसाहती. फिलरचं गॅस्केट उघडलं तर आतल्या खाचेत बदामी, बुळबुळीत थर, आणि लवंगेचा वास. त्याच लाइनीतून आधी सेझाँ (बेल्जियन पद्धतीची एल) भरली होती, आणि सेझाँची बरीच यीस्टं मुळात डायस्टॅटिकसच असतात. सीआयपी (भाग न उघडता आतून धुणं) नेमाने व्हायचं, पण गॅस्केट कोणी काढतच नव्हतं. ब्रूमास्टर तरीही 'जिभेला कळलं असतं' यावर अडून राहिले. भरायच्या दिवशी ती बिअर उत्तमच लागत होती, जिभेला काय कळणार?

तेव्हा नमुना फिलरनंतरचाच घ्या. नुसत्या लायसिन प्लेटवर विसंबू नका, त्यावर सॅकरोमायसीस वाढतच नाही, म्हणजे डायस्टॅटिकस हमखास निसटतं. सायक्लोहेक्सिमाइडच्या प्लेटवरही तेच, तिथे ब्रेट तेवढं सापडेल.

हो, एक राहिलंच: कॉपरवर काही डायस्टॅटिकस वाढत नाहीत, तर काही कल्चर यीस्टं थोडी वाढतात. म्हणून शेजारी आपल्या पिचिंग यीस्टची (बिअरला मुद्दाम घालतो त्याची) प्लेट हवीच. पीसीआर (डीएनए चाचणी) परवडत असेल तर एसटीए१ तपासा, पण जीन सापडला म्हणजे बिअर बिघडणारच असं नाही. काहींचा प्रमोटर (जीन चालू करणारा भाग) तुटका असतो नि एन्झाइम जेमतेम बनतं. आणि काहीही जमलं नाही तरी प्रत्येक बॅचचा एक केग बाजूला, उबेत ठेवून ग्रॅव्हिटी मोजत राहा. तुमचे ब्रूमास्टर रेग्युलेटरचं नाव घ्यायला लागले की ते आकडे त्यांच्यापुढे ठेवा.