हाडात पिना कशाला?

प्रश्न : आईच्या (वय 67) गुडघ्याचं रोबोटनं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणाले, मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवणार. आईनं तेवढंच धरलंय : "गुडघा बदलायला तयार झाले, आता वर खिळे आणि कशाला?" पिना कायम आत राहतात का? टाळता येणार नाहीत?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आईंना आधी सांगा, या पिना ऑपरेशनच्या टेबलावरच काढतात. घरी येईल तो नवा सांधा, पिना नव्हेत.

त्या लागतात, कारण रोबोटच्या कॅमेऱ्याला हाड दिसत नाही. त्याला दिसतात पिनांवर बसवलेले चकचकीत गोळे. पाय हलला की गोळे हलतात आणि हाड आता कुठं आहे ते संगणकाला कळतं. मग गोळे कातडीवरच का चिकटवत नाहीत? कातडी हाडावरून सरकते. मोजणीला आलेला माणूस नांगरटीतलं ढेकूळ धरून माप घेत नाही, पुरलेला हद्दीचा दगड शोधतो, तसंच हे.

खरी भीती वेगळी. कुणाचा कोपर लागून पिन जराशी हलली, तर मशिन बिनतक्रार चुकीच्या जागी कापेल. म्हणून काही पद्धतींत हाडात आणखी एक बारीक खूण-स्क्रू बसवतात. कापण्याआधी सर्जन त्याला सळईचं टोक लावून बघतो. जागा जुळली नाही, तर तिथंच थांबायचं. हा स्क्रूही शेवटी काढतात. तुमच्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा, चांगला सर्जन रागावत नाही.

1992 मध्ये अमेरिकेत सॅक्रामेंटोला 'रोबोडॉक' नावाच्या रोबोटनं खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा पिना आधीच वेगळ्या छोट्या ऑपरेशननं बसवून मग सीटी स्कॅन करत. त्यातल्या काही पिना गुडघ्याजवळ असायच्या. ऑपरेशन खुब्याचं आणि दुखतोय गुडघा, अशी काही पेशंटची गत! पुढं हाडाच्या पृष्ठभागावर सळईचं टोक टेकवत हाडाची जागा स्कॅनशी जुळवायची पद्धत आली, तेव्हा ती आगाऊ भोसकाभोसकी सुटली.

टाळायच्याच असतील, तर रोबोटशिवायचं नेहमीचं ऑपरेशन आहेच. हात बसलेला सर्जन असेल, तर त्यात मी काही कमीपणा मानत नाही.

पिनांची भोकं हळूहळू भरतात. क्वचित तिथं जंतुसंसर्ग होतो, त्याहून क्वचित हाड मोडतं. पहिल्या काही महिन्यांत चालताना मांडीत किंवा नडगीत एकाएकी कळ आली, तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी एक्स-रे काढा.