स्वित्झर्लंड दोघांत, कमी खर्चात

पहिलं म्हणजे सगळे जातात म्हणून युंगफ्राउयोखचं, म्हणजे बर्फाळ डोंगरातल्या उंच रेल्वे स्टेशनचं, तिकीट आधीच काढून ठेवू नका. ३४५४ मीटरवर आहे, भारी आहे, पण ढग असले की तिथे पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही आणि खिसा रिकामा होतो तो वेगळाच. सकाळी उठून वेबकॅम बघायचा, आकाश मोकळं असेल तरच निघायचं.

खरं सांगू का, ग्लेशियरच (हिमनदी) बघायचा असेल तर मी एगिसहॉर्न नावाच्या शिखरावर जाईन. फीश गावातून केबल कार आहे, मध्ये फीशरआल्पला बदलायची, वर पोचलं की ‘आलेच’ नावाचा ग्लेशियर अख्खा वळत गेलेला दिसतो, वीसेक किलोमीटर लांब, आल्प्समधला सगळ्यात मोठा. बर्फावर लांबच लांब काळे पट्टे दिसतील, ती घाण नाही हां, वरून येणारे बर्फाचे प्रवाह एकमेकांना मिळतात तिथे कडेचे दगडगोटे मधोमध येतात त्याची रांग आहे ती.

प्रवासाच्या पासचं म्हणाल तर हाफ फेअर कार्डचा, म्हणजे तिकिटं निम्म्या दरात देणाऱ्या कार्डाचा, हिशोब करून बघाच. स्विस ट्रॅव्हल पास (ठरावीक दिवस ट्रेन-बसने हवं तितकं फिरायचा पास) रोज ट्रेनने लांब फिरणाऱ्यांना परवडतो, पण युंगफ्राउयोखच्या वरच्या टप्प्याला त्यावर २५ टक्केच सूट आहे, हाफ फेअरवर मात्र तिकीटच निम्म्यात. एकाच गावात मुक्काम ठेवून डोंगर चढायचे असतील तर मला तरी कार्डच बरं वाटतं.

किचनवाली खोली घ्या, सामान कोप नाहीतर मिग्रो या सुपरमार्केटमधून आणा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारीच भरून ठेवा. पाणी विकत घेऊ नका, नळाचं प्या.